दक्षिणेकडील शहरांतून दिसलेला ध्रुवीय प्रकाश : पार्श्वभूमी

10 मे 2024 च्या रात्री झालेल्या भूचुंबकीय वादळात (सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडणाऱ्या खळबळीत) फ्लोरिडा, मेक्सिको आणि कॅनरी बेटांपर्यंतच्या भागांतून ध्रुवीय प्रकाशाची, म्हणजे एरवी ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या आभेची, छायाचित्रे आली, आणि लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही उत्तर क्षितिजावरची लाल आभा टिपली. असे उल्लेख जुनेच आहेत. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात लाल आकाश पाहून ऑस्टिया बंदराला आग लागल्याचे समजले गेले आणि मदतीसाठी सैनिक धाडण्यात आले, असे लिहून ठेवलेले आहे. मात्र अशा नोंदी पडताळून पाहण्याची सोय चुंबकीय वेधशाळा आणि तारायंत्र आल्यानंतरच झाली.

1 व 2 सप्टेंबर 1859 च्या वादळात क्यूबा आणि हवाईपर्यंत हा प्रकाश दिसला. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे क्षैतिज (आडवे) बल सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरल्याची नोंद झाली, आणि पुढे या वादळाच्या तीव्रतेविषयी जेवढी चर्चा झाली तिच्या केंद्रस्थानी हीच नोंद राहिली. एकोणिसाव्या शतकातील वादळांविषयी लिहिताना बहुतेकांचे लक्ष 1859 वरच खिळून राहते. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळाला मात्र त्याच्या योग्यतेचे स्थान बराच काळ मिळाले नाही.

याचे एक कारण म्हणजे मुंबईची नोंद. त्या रविवारी रात्री मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसला, अशी त्रोटक बातमी दोन दिवसांनी शहरातील एका इंग्रजी वृत्तपत्रात छापून आली, आणि सर्वांत दक्षिणेकडील निरीक्षणांच्या यादीत हे नाव तेव्हापासून वादासह वावरत आहे. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मुंबईचा भौगोलिक अक्षांश सुमारे 19 अंश असला तरी भूचुंबकीय ध्रुव उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला असल्यामुळे तिचा चुंबकीय अक्षांश, म्हणजे भूचुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेला अक्षांश, त्या काळी जेमतेम 10 अंश होता. (याच कलामुळे न्यूयॉर्क आणि बीजिंग जवळपास एकाच अक्षांशावर असूनही न्यूयॉर्ककरांना हा प्रकाश कितीतरी अधिक वेळा दिसतो.) शिवाय फेब्रुवारीत सूर्यास्तानंतर पश्चिमेला राशिचक्रीय प्रकाशही (ग्रहांमधल्या धुळीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाची फिकट आभा) दिसतो, आणि अनभ्यस्त निरीक्षकाची त्यामुळे फसगत होऊ शकते.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांनी भूमितीकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. प्रकाश मुंबईच्या डोक्यावर आला होता, असा दावा बातमीच्या समर्थनार्थ करण्याची गरजच नाही. हिरवा प्रकाश साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, लाल मात्र 200 किलोमीटरच्या वर आणि प्रबळ वादळात 400 किलोमीटरपर्यंत. एवढ्या उंचीवरची आभा स्वच्छ क्षितिजावर सुमारे 2,200 किलोमीटरवरूनही दिसू शकते. अमावास्येला काही दिवसच उरले असल्याने त्या संध्याकाळी चंद्रप्रकाशाचा अडथळा नव्हता. मुंबई आणि एडन यांमधील समुद्री तारेवरील संदेशवहनही त्याच सुमारास विस्कळीत झाले होते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेल्जियम व इटलीतील तत्कालीन सूर्यडागांची चित्रे, मुंबईसह इतर ठिकाणची चुंबकीय मोजमापे आणि ध्रुवीय प्रकाशाच्या 700 हून अधिक नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. वादळाची तीव्रता किमान उणे 834 नॅनोटेस्ला (चुंबकीय बलातील घट दाखवणारा हा आकडा जितका अधिक उणे, तितके वादळ प्रबळ) असावी आणि प्रकाशपट्टा सुमारे 24 अंश चुंबकीय अक्षांशापर्यंत उतरला असावा, असा निष्कर्ष त्यात निघाला. पट्टा तेथे असेल तर मुंबईच्या उत्तर क्षितिजाशी, काही अंश उंचीवर, लाल आभा दिसणे अशक्य राहत नाही. सुदानमधील खार्तूम येथून त्याच वादळात प्रकाश दिसल्याच्या नोंदीलाही त्यामुळे बळ मिळते. ज्या सूर्यडागसमूहातून हा उद्रेक झाला असे मानले जाते, तो आकाराने मध्यमच होता, ही या संशोधनातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणावी लागेल.

विसाव्या शतकात 25 जानेवारी 1938 ला दक्षिण युरोपात हा प्रकाश दिसला. मार्च 1989 च्या वादळाची तीव्रता उणे 589 नॅनोटेस्ला होती. ते लक्षात राहिले ते क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास गेल्यामुळे. ऑक्टोबर 2003 नंतर सर्वोच्च श्रेणीचे वादळ थेट मे 2024 मध्ये झाले.

दरम्यान निरीक्षणाचे साधन बदलले होते. अंधारात मानवी डोळा 630 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाही, तर मोबाईलचा कॅमेरा काही सेकंदांत तोच प्रकाश ठळकपणे टिपतो. त्यामुळे 2024 मध्ये दक्षिणेकडील अनेक ठिकाणी आकाश डोळ्यांना फिकट करडे भासले आणि पडद्यावर किरमिजी उमटले. हानलेच्या आभेबाबत आणखी एक गुंता आहे: वलयप्रवाहातून (पृथ्वीभोवती कड्यासारख्या वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातून) झिरपणाऱ्या उष्णतेने तयार होणारा स्थिर लाल पट्टा आणि वरून आदळणाऱ्या कणांनी उजळणारा खरा ध्रुवीय प्रकाश यांचा रंग एकच असल्याने केवळ छायाचित्रावरून निवाडा करता येत नाही. 1872 च्या नोंदींशी तुलना करताना म्हणूनच डोळ्यांनी दिसलेले आणि केवळ कॅमेऱ्याने टिपलेले यांची मोजदाद वेगळी ठेवावी लागते. एरवी उणे 400 नॅनोटेस्लाच्या आसपास थांबलेले 2024 चे वादळ त्याच्या दुपटीहून प्रबळ अशा 1872 च्या वादळाच्या पंक्तीत जाऊन बसते.