इंजिन ‘बरोबरी’ म्हणतं तेव्हा

2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूरला आपला डी. गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांच्यात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत चालू होती. आपल्याकडे डाव दुपारी अडीचला सुरू व्हायचा. रानात तूर शेंगांनी लगडली होती आणि बीडकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं केव्हाच कारखान्यांच्या वाटेला लागली होती. त्या दिवसांत लातूरच्या अभ्यासिकांमध्ये, संभाजीनगरच्या वसतिगृहांमध्ये आणि अंबाजोगाईत आमच्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात एकच चित्र दिसायचं: मोबाइलवर पट, पटाशेजारी उभी काळी-पांढरी पट्टी आणि पट्टीवर एक आकडा. वाडी-तांड्यावर व्हिडिओ अडकत अडकत चालतो, पण चाली मात्र पोचतात, कारण पूर्ण डावाची नोंद एक-दोन किलोबाइटांत मावते. जगातला सर्वोच्च दर्जाचा खेळ इतक्या कमी नेटवर थेट पाहता येतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

त्या आकड्याची रीत साधी आहे. अधिक चिन्ह असेल तर पांढरा वरचढ, उणे असेल तर काळा. 0.0 दिसलं की पोरं म्हणतात, “जाऊ द्या सर, बरोबरीत चाललंय,” आणि मोबाइल खिशात जातो. मला त्यांना तिथेच थांबवावंसं वाटतं. पट्टीमागे इंजिन असतं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम. पट्टी सांगते ते एवढंच, की इथून पुढे दोन्ही बाजूंनी इंजिनासारखंच खेळलं तर काय होईल. पटावर बसलेली दोघं माणसं आहेत, त्यातल्या एकाचं घड्याळ संपत आलंय, तो तीन आठवडे नीट झोपलेला नाही, हे तिच्या हिशेबात कुठेच नसतं.

तो आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे 20 चाली असतात, काळ्याकडेही 20. एकेक चाल झाली की 400 वाटा होतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की 1,97,281. डावाच्या मध्यावर एका स्थितीत साधारण तीस-पस्तीस चाली शक्य असतात, म्हणजे प्रत्येक पायरीला वाटा तीस-तीस पटींनी वाढत जातात. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने 1950 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सगळ्या शक्य डावांचा अंदाज एकावर 120 शून्यं इतका बांधला होता. हे सगळं मोजून काढणं कुठल्याही यंत्राला कधीच जमणार नाही.

म्हणून इंजिन मोजण्यापेक्षा वगळण्यात हुशार असावं लागतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणीची एक जोडी मनात भरली, भावही ठरत आला. शेजारची दुसरी जोडी बघायला गेलात आणि पहिल्याच बैलाचे दात पाहून वय उतरलेलं कळलं. मग त्याचे खूर, खांदा, चाल बघत कोण उभं राहील? किती वाईट आहे हे कळायची गरज नसते, हातातल्या जोडीपेक्षा वाईट आहे एवढं पुरे. इंजिनाची अल्फा-बीटा छाटणी नेमकी अशीच चालते. एक चांगली चाल हाताशी असते. दुसरी तपासताना प्रतिस्पर्ध्याचं एकच उत्तर असं सापडलं, की ज्याने ही चाल पहिलीपेक्षा कमी ठरते, तर बाकीची उत्तरं न बघताच ती वाट बंद. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या, तर या एका युक्तीने तेवढ्याच वेळात जवळपास दुप्पट खोल पाहता येतं.

छाटणी करूनही कुठेतरी थांबावंच लागतं, आणि जिथे थांबलो ती स्थिती चांगली की वाईट हे ठरवावं लागतं. जुन्या काळी हे नियम माणसंच लिहून देत: प्यादं 1, घोडा आणि उंट 3-3, हत्ती 5, वजीर 9, शिवाय राजा किती सुरक्षित, प्यादी कशी उभी आहेत वगैरे. 1997 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला 3.5–2.5 असं (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा) हरवणारा आयबीएमचा ‘डीप ब्लू’ याच जातीचा होता. सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचा. त्यासाठी खास बनवलेल्या चिप्स लागल्या होत्या.

पुढचं वळण 2017 च्या डिसेंबरात आलं. गुगलच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाझीरो’ला खेळाचे फक्त नियम दिले होते, बाकी सगळं ते स्वतःशीच खेळून शिकलं. सेकंदाला सुमारे 80 हजार स्थितीच तपासत असूनही, 7 कोटी तपासणाऱ्या ‘स्टॉकफिश 8’ या इंजिनाला त्याने 100 डावांच्या सामन्यात 28 विजय आणि 72 बरोबरी असं मागे टाकलं. एकही डाव हरलं नाही. थोडं पाहायचं, पण पाहिलेलं नीट पारखायचं, असा तो मार्ग होता. मात्र त्याला भारी यंत्रं लागत.

आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत हे शहाणपण पोचलं ते जपानमार्गे. शोगी हा बुद्धिबळाचा जपानी भाऊबंद. त्यासाठी यू नासू यांनी 2018 मध्ये एक छोटं न्यूरल जाळं, म्हणजे उदाहरणांवरून स्थिती पारखायला शिकणारी गणिती रचना, मांडलं. त्याची खुबी अशी, की एक मोहरा हलला तर सगळा हिशेब पुन्हा करायचा नाही, बदललं तेवढंच बदलायचं. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवरही भराभर चालतं. सप्टेंबर 2020 मध्ये ‘स्टॉकफिश 12’ने ते स्वीकारलं आणि खोल शोध व चांगली पारख एकत्र आली. हे इंजिन फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि आपल्या खिशातला फोन आज ज्या दर्जाने खेळतो त्याच्या जवळपास जगातला कुठलाही माणूस नाही. माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, 2882 आहे. इंजिनांच्या याद्यांमध्ये वरचे आकडे 3500 च्या पुढे असतात. दोन याद्या वेगळ्या असल्याने सरळ वजाबाकी करू नये, पण दरी खरी आहे.

मग +1 म्हणजे काय? पूर्वी ढोबळमानाने एका प्याद्याइतकी आघाडी. डिसेंबर 2022 च्या ‘स्टॉकफिश 15.1’पासून त्याचा अर्थ बदलला: इंजिन इंजिनाशी खेळताना त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता 50 टक्के. म्हणजे आकड्याचं मोजमापच आता यंत्रांच्या आपसातल्या खेळावर बेतलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून दोन डाव बघू. पट्टी कशी वाचावी हे या दोन डावांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

पहिला डाव लंडनचा, नोव्हेंबर 2018. कार्लसन विरुद्ध फॅबियानो कारुआना, जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाकडे काही प्याद्यांच्या बदल्यात एक घोडा जास्त होता आणि कार्लसन चिवटपणे तटबंदी करून बसला होता. 68 व्या चालीला शक्तिशाली संगणकांनी काळ्याचा सक्तीचा विजय दाखवायला सुरुवात केली (पटावरच्या प्रत्येक घराला अक्षर आणि आकडा असं नाव असतं): उंट एच4, मग घोडा ई2, आणि त्यानंतर तोच घोडा थेट जी1 वर. जी1 वर गेलेला घोडा शत्रूच्या उंटाने पुरता कोंडला जातो. आपला एकुलता एक जास्तीचा मोहरा आपणच कोंडून घ्यायचा आणि तरी पुढे कितीतरी चालींनी जिंकायचं. असं कुठल्या माणसाला सुचेल? कास्पारोव्हने तेव्हा लिहिलं होतं, की कारुआना हे खेळला असता तर लगेच मेटल डिटेक्टर मागवले गेले असते. डाव 80 चालींनंतर बरोबरीत सुटला. पट्टीकडे बघणारे हजारो लोक “कारुआनाने जिंकलेला डाव घालवला” म्हणत राहिले. मला ते अन्यायाचं वाटतं. तो विजय माणसाच्या आवाक्यात कधी नव्हताच.

दुसरा डाव सिंगापूरचा, 12 डिसेंबर 2024. तेरा डावांनंतर 6.5–6.5 अशी बरोबरी. चौदावा आणि शेवटचा नियमित डाव, पांढरी मोहरी डिंगकडे. हा डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी जलद डावांत निकाल लागणार होता, आणि डिंगला ते चालणार होतं. वजीर गेले, घोडे गेले, प्रत्येकी एक हत्ती आणि एक उंट उरला. गुकेशकडे एक प्यादं जास्त. पट्टी मात्र तासभर बरोबरीच्या आसपासच. समालोचकही बरोबरी धरून चालले होते. गुकेश थांबला नाही. त्याला हरण्याचा धोका जवळजवळ नव्हता आणि त्याच्या घड्याळात डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ होता. डिंगला मात्र प्रत्येक चालीला काहीतरी सांभाळायचं होतं. 55 व्या चालीला त्याने हत्ती एफ2 वर आणला आणि हत्तींची मारामारी देऊ केली.

पट्टी त्या क्षणी कोसळली. कारण डिंगचा उंट ए8 या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी5 वर ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला दुसरी तिरपी रेषाच नाही, त्यामुळे उंटांचीही अदलाबदल अटळ. मग उरतात फक्त राजे आणि प्यादी, आणि तिथे एक जास्तीचं प्यादं जिंकतं. गंमत म्हणजे क्षणभर ही चूक गुकेशलाही दिसली नव्हती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. घरी बसलेल्या प्रत्येकाला ती दिसली, कारण पट्टीने सांगितली. 58 चालींनंतर डिंगने डाव सोडला आणि 18 वर्षांचा गुकेश सर्वांत तरुण जगज्जेता झाला.

लंडनला इंजिन ‘विजय’ म्हणत होतं आणि डाव बरोबरीत गेला. सिंगापूरला ‘बरोबरी’ म्हणत होतं आणि एक जण हरला. दोन्ही वेळा इंजिनाचं गणित बरोबर होतं. बघणाऱ्यांनी त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

बरा प्रश्न कसा विचारायचा, ते मी मुलांना असं सांगतो. इंजिनाला एकच सर्वोत्तम चाल दाखवायला लावू नका, तीन ओळी दाखवायला लावा. बहुतेक अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. मग पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतलं अंतर बघा. पहिली ओळ 0.0, दुसरी -0.1, तिसरी -0.2 असेल, तर खेळणाऱ्याला जीव आहे, कशीही चाल केली तरी निभावेल. पण पहिली 0.0 आणि दुसरी -4 असेल, तर तीही पट्टीवर ‘बरोबरी’च दिसते, आणि खरं तर तो माणूस एका पायावर उभा आहे. अशी एकुलती चाल सलग चार-पाचदा शोधावी लागली, त्यात घड्याळात थोडी मिनिटं, की चूक होणारच. शेजारी घड्याळ बघा. या लढतीत पहिल्या 40 चालींना 120 मिनिटं होती, पुढच्या सगळ्या डावाला 30 मिनिटं, आणि 41 व्या चालीपासून प्रत्येक चालीला 30 सेकंदांची भर.

त्याआधी एक काम: पट्टी झाका. खेळाडू विचार करतोय तोवर आपणही पटावर मोहरे मांडून आपली चाल कागदावर लिहा, मग इंजिन उघडा. हा क्रम उलटला की आपण फक्त आकडा वाचत बसतो. वीस मिनिटं एकाच चालीवर बसलेला गुकेश नेमकं कशाशी झुंजतोय हे आकड्यातून कधी कळत नाही. स्वतः त्याच स्थितीशी झुंजलं की थोडं कळतं.

एकाच स्थितीला दोन मोबाइलवर दोन वेगळे आकडे आले म्हणून पोरं भांडतात. त्यात बिघाड काही नाही. एक फोन 22 अर्ध्या-चालींपर्यंत (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) गेलेला असतो, दुसरा 30 पर्यंत. प्रोसेसरचे अनेक भाग एकाच वेळी शोध घेतात, त्यांचा क्रम दर वेळी थोडा वेगळा पडतो, म्हणून तोच फोनसुद्धा दुसऱ्यांदा जरा वेगळं बोलतो. शिवाय ‘30’ म्हणजे सगळ्या वाटा तीसपर्यंत पाहिल्या असं नव्हे. कमी आशेच्या वाटा खूप आधी सोडलेल्या असतात, शह-मारामारीच्या वाटा जास्त लांब नेलेल्या असतात. दशांशातल्या फरकाला म्हणूनच महत्त्व देऊ नये. फोन तापू लागला, बॅटरी उतरू लागली, तर इंजिन बंद करून लिचेससारख्या साइटवर आधीच साठवलेलं मूल्यमापन मिळतंय का ते पाहावं. गाजलेल्या डावांच्या स्थिती बऱ्याचदा तिथे खोलवर तपासलेल्या मिळतात.

पट्टीवरचा आकडा हा अंदाज असतो, पण एका ठिकाणी अंदाज संपतो. राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरे उरले, की प्रत्येक स्थितीचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं आहे. मातेच्या स्थितींपासून उलटं मागे मागे येत, कुठल्या स्थितीतून मातेपर्यंत पोचता येतं हे संगणकांनी नोंदवत नेलं. सात मोहऱ्यांचा ‘सिझिजी’ संच 2018 मध्ये पुरा झाला, त्याला सुमारे 18 टेराबाइट जागा लागते. सहापर्यंतचा संच सुमारे 150 गिगाबाइटांत बसतो. सात मोहऱ्यांच्या अशाच दुसऱ्या तक्त्यांमध्ये 549 चालींनी मात होणारी स्थितीही सापडली आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक चालींचा हेतू जगज्जेत्यालाही सांगता येणार नाही.

सिंगापूरच्या त्या डावात हत्ती आणि उंट गेल्यावर राजे आणि मोजकी प्यादी उरली, म्हणजे तो शेवट या तक्त्यांच्या आत येतो. आमच्याकडे मुलं तो पटावर मांडतात, पांढरी बाजू इंजिनाला देतात आणि काळ्याने जिंकायला बसतात. राजा एक घर चुकीचं पुढे गेला की तक्ता ‘विजय’ पुसून ‘बरोबरी’ लिहितो. मग चाल मागे घ्यायची, राजाने कुठल्या घरावर उभं राहायचं होतं ते मोजायचं, आणि पुन्हा खेळायचं.