खिडकीसफाईतील शिडीसुरक्षा

खिडक्यांची तावदाने बाहेरून पुसण्याचा धंदा एकट्याने करणाऱ्या माणसाने शिडी निवडताना, लावताना, तिच्यावर काम करताना आणि ती राखताना घ्यावयाची काळजी हा या नोंदीचा विषय आहे. शिडी रंगाऱ्याला, गवंड्याला, वीजतंत्र्यालाही लागते. पण रंगारी एकदा लावलेल्या शिडीवर बराच वेळ काढतो. खिडकी पुसणारा काही मिनिटांत खाली उतरतो, शिडी उचलतो आणि पुढच्या खिडकीखाली लावतो. दिवसभरात हे कितीतरी वेळा होते आणि दर वेळी शिडीखालची जमीन वेगळी असते. काम पाण्या-साबणाचे असल्यामुळे ती जमीन, शिडीच्या पायऱ्या आणि बुटांचे तळवे तो स्वतःच निसरडे करत जातो. खाली शिडी धरायला सहसा कोणी नसते.

उंची फारशी नसते, म्हणूनच ती गाफील करते. पहिल्या मजल्याच्या खिडकीशी उभे राहिले की पाय जमिनीपासून जेमतेम ३ मी. वर असतात. एवढ्या उंचीवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे २८ किमी. झालेला असतो. एवढ्या वेळात काही पकडायला किंवा अंग सावरायला सवड मिळत नाही. टाच, मनगट, कणा आणि डोके यांवर सगळा मार येतो. टाचेचे हाड मोडलेला माणूस बरा झाला तरी शिडीच्या गोल पायरीवर पूर्वीसारखा उभा राहू शकेलच असे नाही, आणि शिडी हेच ज्याचे पोट भरण्याचे साधन, त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दर आणि धोका : खिडकी पुसणाऱ्याला पैसे बहुधा घरामागे किंवा खिडकीमागे मिळतात. शिडी हलवण्यात गेलेला वेळ कोणी मोजत नाही. या धंद्यातल्या पडण्याची सुरुवात बऱ्याचदा दर ठरवतानाच झालेली असते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. वायपर काचेवरून ओढत आणला आणि उजव्या कोपऱ्यात वीतभर पट्टा ओला राहिला, असा प्रसंग रोजचा आहे. खाली उतरून शिडी हातभर सरकवायची आणि पुन्हा चढायचे, की डाव्या पायाची टाच किंचित उचलून अंग उजवीकडे ताणायचे? नव्याण्णव वेळा ताणलेले अंग परत येते. कोपरा पुसला जातो, दोन मिनिटे वाचतात आणि हात त्या लांबीला सरावतो. शंभराव्या वेळी बुटाला साबण लागलेला असतो.

यावर उपाय दर सांगतानाच करावा लागतो. रुंद खिडकीला शिडी दोनदा लावावी लागणार असेल, तर दोन्ही वेळा हिशेबात धरायच्या. ज्या खिडकीखाली शिडी नीट उभीच राहत नाही, तिला पहिल्याच दिवशी नाही म्हणायचे. एकदा पुसून दिल्यावर नाही म्हणणे फार अवघड जाते. पगारी कामगाराला असे नकार देण्यासाठी निदान नियमपुस्तक आणि मुकादम असतात. एकट्याला ते दोन्ही स्वतःच व्हावे लागते.

विम्याबाबतही एक गैरसमज आढळतो. काच फुटली किंवा शिडी कोणाच्या अंगावर पडली, तर इतरांची भरपाई देणारा विमा बरेच जण काढतात. स्वतः पडल्यावर त्या विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी व्यक्तिगत अपघाताचा विमा वेगळा लागतो.

कोन आणि घर्षण : टेकत्या शिडीचा प्रसिद्ध नियम चारास एक असा आहे. शिडी भिंतीला जिथे टेकते ती उंची ४ मी. असेल, तर पाय भिंतीपासून १ मी. दूर हवेत, ६ मी. असेल तर दीड मी. यातून जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन होतो. मोजपट्टी नसताना शिडीच्या पायांना बुटांची टोके टेकवून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करावेत. तळवे शिडीला नेमके लागले की कोन जमला.

हा नियम कशासाठी, हे समजले तर तो मोडावासा वाटत नाही. शिडी भिंतीला ढकलते, भिंत तेवढ्याच जोराने तिला परत ढकलते आणि हा जोर शिडीचे पाय बाहेर सरकवू पाहतो. त्यांना अडवते ते फक्त जमिनीवरचे घर्षण. शिडीचे वजन आणि भिंतीवरचे घर्षण सोडून दिले, तर ७५ अंशांवर लावलेल्या शिडीच्या टोकाशी माणूस गेल्यावर त्याच्या वजनाच्या ०.२७ पट घर्षण लागते. शिडी ६० अंशांवर पसरली असेल, तर तेच ०.५८ पट, म्हणजे दुपटीहून अधिक लागते. कोरड्या खडबडीत फरशीवर ते मिळेलही. शेवाळलेल्या किंवा साबणाच्या फरशीवर मिळणार नाही.

याच हिशेबातली दुसरी बाब अधिक घातक आहे. लागणारे घर्षण माणूस जसजसा वर जातो तसतसे वाढत जाते. पाव उंचीवर असताना ते टोकाशी लागणाऱ्या घर्षणाच्या चौथा हिस्साच असते. त्यामुळे खालच्या दोन पायऱ्यांवर उभे राहून, जरा हलवून ‘शिडी पक्की आहे’ असा निर्वाळा देणे म्हणजे नको तिथे परीक्षा घेणे. सरकणारी शिडी सरकते ती माणूस वर पोहोचल्यावर. उलट शिडी फार उभी लावली, तर वरचा जोर भिंतीपासून सुटतो आणि मागे कलंडण्याची भीती राहते. बादली सावरताना अंग मागे गेले तरी तेवढे पुरते.

पाया : शिडीच्या पायांतले रबरी बूट रोज उलटे करून पाहावेत. रबर झिजून गुळगुळीत झाले, त्यात खडा रुतला किंवा चिखल भरला, तर ते असून नसल्यासारखे असते. ओल्या लाकडी फळ्या, शेवाळलेली फरशी आणि गुळगुळीत लाद्या या जागा सर्वांत वाईट. गवतावर व मऊ मातीत एक पाय हळूहळू खचतो आणि पायथ्याशी बोटभर आलेला कल वर टोकाला वीतभर होतो. खाली रुंद, भक्कम फळी घालून ती रुतत नाही ना हे पाहावे. जमीन उतरती असेल, तर एक पाय लांब-आखूड करता येणारे, त्यासाठीच बनवलेले साधन वापरावे. वीट, पुस्तक, घडी घातलेले पोते असले काही एका पायाखाली सारणे हा आपणहून अपघात मांडून ठेवण्याचा प्रकार आहे. आधी वरून पुसून मग त्याच ओल्या जागेवर शिडी सरकवली जाते, हे ध्यानात ठेवून प्रत्येक वेळी पाया फडक्याने कोरडा करावा.

दाराजवळ शिडी लावायची झाल्यास ते दार आतून बंद करून घ्यावे. खिडकी पुसणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते : बाहेर उघडणारी झडप आतल्या माणसाने सहज ढकलली, तरी ती थेट शिडीवर किंवा तोंडावर येते. काम सुरू करण्यापूर्वी घरात सांगून ठेवण्याला काही खर्च नाही.

टेकण्याची जागा : शिडी काचेला कधीही टेकवू नये. प्लास्टिकच्या पन्हळीलाही नको. ती वाकते, ओली असली की शिडी तिच्यावरून आडवी घसरते. टेकायला भिंतच हवी. काही देशांत खिडकी पुसणारे वर निमुळती होत टोकाशी जुळणारी शिडी वापरतात. तिचे टोक दोन खिडक्यांमधल्या अरुंद भिंतीवर किंवा कट्ट्याखाली बसते. मात्र एकाच बिंदूवर टेकल्याने ती बाजूला फिरू शकते, त्यामुळे तिचा पाया रुंद असला तरी तिच्यावर ताणाताण अजिबात चालत नाही. सरळ शिडीला वर बसवायचा रुंद आडवा हात मिळतो. तो खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकतो, शिडी काचेपासून दूर राहते आणि माणूस खिडकीसमोर बरोबर मध्यभागी येतो.

पोर्चच्या किंवा सपाट छपरावर शिडीने चढून वरच्या खिडक्या पुसण्याची पद्धत आहे. अशा वेळी शिडी छपराच्या कडेपेक्षा सुमारे १ मी. वर आलेली असावी, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही मिळते, आणि ती वरच्या भागात बांधलेली असावी. दोरी उभ्या दांड्यांना बांधतात, पायऱ्यांना नाही. मध्येच वाऱ्याच्या झुळकीने शिडी पडली, तर एकटा माणूस छपरावर अडकतो. मग तो उडी मारण्याचा विचार करतो, हे सांगायला नको.

शिडीवर असताना : टेकत्या शिडीच्या दोन उभ्या दांड्यांमधले अंतर जेमतेम हातभर असते. शरीराचा भार त्या हातभरातच राहायला हवा. म्हणून कमरेच्या पट्ट्याचे बक्कल दोन्ही दांड्यांच्या आत आणि दोन्ही पाय एकाच पायरीवर, हा नियम. टेकत्या शिडीच्या सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये, कारण तिथे धरायला काही उरत नाही. घडीच्या शिडीला वर कठडा नसेल, तर वरच्या दोन पायऱ्या सोडाव्यात. ती खिडकीकडे तोंड करून लावावी. बाजूने जोर लावला की तीच पटकन कलंडते.

दोन पाय आणि एक हात असे तीन आधार सतत ठेवावेत, असे सांगितले जाते. या कामात ते सोपे नाही, कारण एका हातात साबणाचा बोळा आणि दुसऱ्यात वायपर घेण्याची सवय असते. त्यामुळे साधनांची मांडणी बदलावी लागते. वायपर आणि बोळा कमरेच्या पट्ट्यावरच्या म्यानात, छोटी बादलीही पट्ट्याला किंवा शिडीच्या आकड्याला. एक वस्तू काढायची, वापरायची, परत ठेवायची. एकाच मुठीवर बोळा आणि रबरी पट्टी दोन्ही असलेली साधनेही मिळतात. १० लिटरची भरलेली बादली हातात घेऊन चढणे म्हणजे १० किग्रॅ. वजन एका बाजूला लटकवून एका हाताने चढणे. ते करू नये.

उतरताना तोंड शिडीकडेच असावे. शेवटच्या पायरीआधी आपण खाली पोहोचलो असे वाटून पाय टाकणे ही नेहमीची चूक आहे. नजर पुढच्या खिडकीकडे गेलेली असते.

वीजवाहक तारांबाबत सवलत नाही. ॲल्युमिनियमची शिडी वीज वाहते, ओली लाकडीही वाहते. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार उघड्या वीजतारांपासून आडव्या अंतराने ६ मी.च्या आत शिडी वापरू नये. उभी शिडी हातात धरून एका खिडकीकडून दुसरीकडे नेताना वर पाहिले जात नाही, आणि धोक्याची वेळ तीच असते.

कायदा व मानके : ब्रिटनमध्ये उंचीवरील कामासंबंधीचे विनियम २००५ पासून लागू आहेत आणि ते स्वयंरोजगारी व्यक्तीलाही बंधनकारक आहेत. त्यांचा क्रम सरळ आहे : उंचीवर जाणे टाळता येते का पाहा, नसेल तर पडणे रोखा, तेही शक्य नसेल तर पडण्याची उंची व परिणाम कमी करा. तेथे शिडीला बंदी नाही. धोका कमी आणि काम थोडक्या वेळाचे असेल तर ती चालते, आणि एका जागी सलग ३० मिनिटांहून अधिक काळ नको, असे मार्गदर्शन आहे. अमेरिकेत संघराज्याचा कामगार सुरक्षा कायदा नोकरदारांसाठी आहे. हाताखाली कोणी नसलेला स्वयंरोजगारी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्यावर सक्ती नसली तरी चारास एकचा नियम तिथेही तोच आहे. शिड्यांसाठीचे युरोपीय मानक ईएन १३१ हे २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार कमाल भार १५० किग्रॅ. (माणूस, बादली, साधने मिळून) असून व्यावसायिक आणि घरगुती अशा वेगळ्या श्रेणी आहेत. ३ मी.पेक्षा लांब टेकत्या शिडीचा पायाही रुंद असावा लागतो. त्यासाठी बहुधा खाली आडवा दांडा जोडलेला असतो. धंद्यासाठी घरगुती श्रेणीची शिडी घेण्यात वाचलेले पैसे कामाचे नाहीत.

शिडीला पर्याय : तळमजल्यासाठी लांब दांड्याचा वायपर पुरतो. वरच्या मजल्यांसाठी पाणी वाहून नेणारा दांडा वापरला जातो. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि त्यातून क्षार काढून टाकलेले शुद्ध पाणी येते. पाण्यात विरघळलेले काहीच नसल्याने ते वाळल्यावर डाग राहत नाही आणि पुसण्याची गरज उरत नाही. पाय जमिनीवरच राहतात. साधनाला सुरुवातीचा खर्च बराच असतो, पण शिडी लावण्या-उचलण्याचा वेळ वाचतो, म्हणजे एकट्या माणसाच्या दराचा जो प्रश्न वर आला तोही पुष्कळसा सुटतो. कार्बन तंतूंचा दांडाही वीज वाहतो, आणि जमिनीवर पसरलेल्या नळीत वाटसरूचा पाय अडकू शकतो, एवढे मात्र पाहावे लागते.

देखभाल : रोज चढण्यापूर्वी दांडे वाकले किंवा चिरले आहेत का, पायऱ्या सैल आहेत का, सरकत्या शिडीचे आकडे नीट बसतात का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. लाकडी शिडीला रंग देऊ नये, रंगाखाली चीर दिसत नाही. पारदर्शक वार्निश चालते. गाडीच्या टपावरून पडलेली शिडी वरून धड दिसली तरी ती तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

एकट्याने निघताना आज कुठल्या घरांवर काम आहे आणि साधारण किती वाजता संपेल, हे घरी सांगून ठेवावे. फोन चेन असलेल्या खिशात, पडूनही हात पोचेल अशा जागी असावा; गाडीत ठेवलेला फोन अशा वेळी उपयोगाचा नाही. पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला मार असण्याची शक्यता असल्यास त्याला हलवू नये, मदत बोलवावी.

मोडीत काढलेली शिडी भिंतीशी टेकवून ठेवली की कोणीतरी ती उचलून वापरतो. म्हणून बाद शिडीचे दांडे करवतीने मधोमध कापून टाकतात.