जागतिक पर्यटन : भूगोल आणि बदलते प्रवाह

आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एका वर्षापेक्षा कमी काळासाठी आणि तिथे नोकरी पत्करण्याचा हेतू नसताना केलेला प्रवास म्हणजे पर्यटन, अशी आकडेवारीसाठी रूढ झालेली व्याख्या आहे. किमान एक रात्र मुक्काम केला तरच पाहुणा पर्यटकांत मोजला जातो. त्याच दिवशी परतणाऱ्यांची गणना वेगळी होते. मौजमजेबरोबर तीर्थयात्रा, उपचार, नातेवाइकांच्या भेटी आणि धंद्याची कामेही या व्याख्येत बसतात. माद्रिद येथे मुख्यालय असलेली संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना देशोदेशींची आकडेवारी एकत्र करते. तिच्या नोंदींनुसार 1950 साली सीमा ओलांडून झालेली पर्यटक-आगमने सुमारे 2.5 कोटी होती. 1980 साली ती 28 कोटींच्या आसपास आणि 2019 साली सुमारे 146 कोटींवर गेली. हे आकडे माणसांचे नसून आगमनांचे आहेत. एकाच सहलीत तीन देश पाहणारा माणूस तीनदा मोजला जातो. शिवाय देशांतर्गत प्रवास यात धरलेलाच नाही. भारतातील राज्यांनी 2019 साली नोंदवलेल्या देशांतर्गत पर्यटक-भेटीच 230 कोटींच्या वर होत्या. त्यामुळे केवळ परदेशी पाहुण्यांच्या आकड्यांवरून या उद्योगाचा आवाका ठरवणे चुकीचे आहे.

पर्यटनाचा नकाशा हा जगातील सुंदर ठिकाणांचा नकाशा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात लोक कुठून निघतात, यावर तो अधिक अवलंबून असतो. भरपगारी रजा, हातात उरणारा पैसा, सहज मिळणारा व्हिसा आणि परवडणारे तिकीट जिथे आहे तिथून प्रवाह सुरू होतो आणि बहुतेक वेळा जवळपासच विसावतो. आंतरराष्ट्रीय पर्यटकांपैकी पाचातले चार आपल्याच प्रदेशात, म्हणजे युरोपातले युरोपात, आशियातले आशियात फिरतात. 2019 सालीही जगातील निम्मी आगमने एकट्या युरोपात झाली. लहान आकाराचे, श्रीमंत आणि एकमेकांना लागून असलेले देश हे त्याचे मोठे कारण आहे. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि ब्रिटनने 1938 साली भरपगारी रजेविषयी कायदा केला. पर्यटनाच्या इतिहासात या कायद्यांचे महत्त्व एखाद्या नव्या विमानाइतकेच मानले पाहिजे.

संघटित सहलींची सुरुवात त्याआधीची आहे. टॉमस कुक याने 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरो येथील दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे 500 माणसे खास रेल्वेगाडीने नेली. पुढे त्याच्या कंपनीने युरोप, इजिप्त आणि अखेर जगप्रदक्षिणेपर्यंतच्या सहली काढल्या. तरीही दूरचा प्रवास सामान्यांच्या आवाक्यात यायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. अटलांटिकवर 1958 साली जेट विमाने नियमित उडू लागली, तर 1970 साली जंबो जेट आले आणि दर आसनाचा खर्च उतरला.

या बदलाचा पहिला मोठा परिणाम भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर दिसला. स्पेनच्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीला परकीय चलनाची निकड होती. 1959 च्या आर्थिक योजनेत पेसेटा या स्पॅनिश चलनाचे अवमूल्यन झाले आणि ब्रिटिश व जर्मन प्रवाशांना स्पेन स्वस्त झाला. सहल कंपन्या हॉटेलांच्या खोल्या घाऊक भावात आधीच घेऊन ठेवत, चार्टर विमान, म्हणजे अख्खे भाड्याने घेतलेले विमान, भरत आणि प्रवास, मुक्काम, जेवण एकाच किमतीत विकत. स्पेनमध्ये येणारे परदेशी पाहुणे 1960 मधील सुमारे 60 लाखांवरून 1973 पर्यंत सुमारे 3.4 कोटींवर गेले. बेनिदोर्म हे मासेमारीचे गाव या काळात उंच इमारतींचे शहर झाले. स्वस्त सूर्यप्रकाश आणि घाऊक खरेदी यांची ही जुळणी पुढे जगभर उचलली गेली.

मेक्सिकोने कानकुन हे ठिकाण तर ठरवून घडवले. जवळपास निर्जन वाळूपट्टीवर 1970 च्या सुमारास सरकारी पैशाने रस्ते, विमानतळ आणि हॉटेलांची उभारणी सुरू झाली. मालदीवमधील पहिले रिसॉर्ट 1972 साली उघडले. अशा ठिकाणांची दुखरी बाजू म्हणजे पैशाची गळती. विमान कंपनी, हॉटेलची साखळी आणि आरक्षण करणारे संकेतस्थळ परदेशी असले, आणि ताटातले पदार्थही आयात केलेले असले, तर पाहुण्याने मोजलेल्या रकमेचा मोठा वाटा गावात पोहोचतच नाही. पाहुण्यांची संख्या हे यशाचे माप धरणाऱ्या सरकारी अहवालांत ही गळती बहुधा दिसत नाही. स्थानिकांच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तोच आहे.

1950 साली जवळजवळ सगळी आगमने युरोप आणि अमेरिका खंडात होत. गेल्या चार दशकांत हे चित्र पालटले, ते मुख्यतः आशियामुळे. चीनने 1999 साली आठवडाभराच्या राष्ट्रीय सुट्ट्या सुरू केल्या. 2012 पासून परदेश प्रवासावर सर्वाधिक खर्च करणारा देश म्हणून तो अमेरिका आणि जर्मनीच्या पुढे गेला. जपानमध्ये 2003 साली सुमारे 52 लाख परदेशी पाहुणे आले होते, 2024 साली ते 3.6 कोटींच्या वर गेले. त्यांतले बहुसंख्य कोरिया, चीन, तैवान आणि हाँगकाँगचे होते. भारतीयांचे परदेश प्रवासही 2019 साली सुमारे 2.7 कोटी झाले. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या मराठी मंडळींना घेऊन युरोपात जातात, तेव्हा मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आणि भारतीय जेवण ही त्यांची मुख्य हमी असते. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखसारख्या बर्फाळ खिंडीवरही भारतीय जेवण मिळते, ते याच मागणीमुळे.

गोव्यात हे सगळे टप्पे एकाच किनाऱ्यावर उलगडले. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण आणि कळंगुट येथे पाश्चात्त्य हिप्पी राहू लागले, ते मच्छीमारांच्या घरांतून भाड्याने. सत्तरच्या दशकात आलिशान हॉटेले आली. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली आणि नंतर रशियन पाहुणे मोठ्या संख्येने आले. 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे आणि त्यानंतरची स्वस्त विमानसेवा यांनी देशी प्रवाशाला वाट करून दिली. कोरोनानंतर परदेशी पाहुण्यांची संख्या पूर्वपदावर आली नाही, पण देशी पर्यटक इतके वाढले की आज परदेशी लोक एकूण संख्येच्या वीसांशाच्या आसपासच आहेत. पूर्वी पावसाळा म्हणजे मंदीचा काळ होता. आता मुंबई, पुणे, बेंगळुरूची गर्दी पावसातही असते. मोपा येथील नव्या विमानतळाने 2023 पासून हा ओघ पेडण्याकडे आणि सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गाकडे वळवला आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. पाणी, कचरा आणि जमिनीच्या किमती यांबाबत किनारी गोव्याने जे सोसले, ते तारकर्ली आणि वेंगुर्ल्याच्या लोकांनी जवळून पाहायला हवे. अजून तिथली पुष्कळ घरे आणि खानावळी स्थानिकांच्या हातात आहेत, म्हणून हे सांगणे निकडीचे आहे.

गर्दीवर मर्यादा घालण्याचे प्रयत्न निरनिराळ्या वाटांनी झाले आहेत. थायलंडने माया बे हा उपसागर 2018 साली बंद केला आणि प्रवाळांना उसंत देऊन 2022 साली नियमांसह उघडला. भूतान परदेशी पाहुण्यांकडून दर रात्रीचे शुल्क घेतो. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागात 1951 साली सुमारे 1,75,000 लोक राहत होते, आता 50,000 हूनही कमी राहतात. त्या शहराने 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना 5 युरोंचे शुल्क लावले. एवढ्या लहान रकमेने गर्दी ओसरत नाही, हे पहिल्याच हंगामात दिसले.

हवामान बदलामुळे तर ठिकाणेच नाहीशी होऊ लागली आहेत. बोलिव्हियातील चाकाल्ताया हे एकेकाळी जगातील सर्वांत उंचावरचे स्कीइंग केंद्र होते, त्याची हिमनदी 2009 पर्यंत पूर्ण वितळली. जुलै 2023 मध्ये वणव्यांमुळे ग्रीसमधील रोड्स बेटावरून सुमारे 19,000 लोकांना हलवावे लागले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातील सुमारे 8 टक्के वाटा पर्यटनाचा असल्याचे मांडले. यात विमानप्रवासाचा भार मोठा आहे. रेल्वेने अडीच तासांत गाठता येणाऱ्या ठिकाणांची देशांतर्गत उड्डाणे फ्रान्सने 2023 साली बंद केली. मात्र कायद्यातील सवलतींमुळे पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नान्त आणि लिओं या तीनच मार्गांवर ती बंदी लागू झाली.