हातसामानाची तपासणी, विमानतळावरील

प्रवाशाने विमानात स्वतःजवळ ठेवायची बॅग, बॅटरीवर चालणारी उपकरणे आणि अंगावरच्या वस्तू विमानात चढण्याआधी तपासण्याची सक्तीची व्यवस्था. भारतात तिचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, ठरवतो. बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे, जवान करतात. लॅपटॉप बाहेर काढा, पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवू नका, लोणचे नेता येणार नाही, या सूचना रांगेतल्या माणसाला सुट्यासुट्या आणि मनमानी वाटतात. त्यांच्या मुळाशी मुख्यतः दोन भीती आहेत: घातपाताची आणि आगीची. घातपाताच्या भीतीने उपकरण प्रवाशापासून दूर ठेवावेसे वाटते, तर आगीच्या भीतीने ते त्याच्याजवळच असावे असे वाटते. आजचे नियम या ओढाताणीतून घडले आहेत.

सुरुवातीला शोध होता तो पिस्तूल-सुऱ्यांचा. विमान अपहरणांचे सत्र सुरू झाल्यावर अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवाशांची व त्यांच्या हातसामानाची तपासणी सक्तीची झाली. भारतात बीसीएएस १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील एक कक्ष म्हणून सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असताना बॉम्बस्फोटात नष्ट झाले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. तो बॉम्ब एका स्टिरिओ ट्यूनरमध्ये दडवलेला होता. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबीवर पाडले गेलेले पॅन अॅमचे विमान रेडिओ-कॅसेट प्लेअरमधल्या बॉम्बने फुटले; जमिनीवरच्या माणसांसह २७० बळी गेले. घरात रोज वाजणारा रेडिओ या घटनांनंतर संशयाची वस्तू झाला.

कनिष्क दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, बीसीएएस स्वतंत्र विभाग झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून सीआयएसएफकडे जाऊ लागली. त्याची सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाली.

लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला का सांगतात, हे क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कळते. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी बॅग पाहते आणि पदार्थाच्या जातीनुसार रंग देते. अन्न, कागद, कापड, प्लॅस्टिक आणि बहुतेक स्फोटके असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळा, अधलेमधले हिरवे. लॅपटॉपमध्ये बॅटरी, तांब्याच्या तारा आणि सर्किट एकावर एक दाटीने बसवलेली असतात. तो बॅगेतच राहिला तर त्याच्या गडद सावलीखाली काय आहे ते तपासनिसाला दिसत नाही. टॅबलेट, कॅमेरा, चार्जरच्या तारांचे भेंडोळे यांचेही तेच. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा कधीकधी उघडायला लावतात तोही याच कारणाने: दाट, एकसंध, नारिंगी ठोकळा पडद्यावर संशय निर्माण करतो. नवी सीटी पद्धतीची यंत्रे बॅगेची त्रिमितीय प्रतिमा तयार करतात, ती पडद्यावर फिरवून पाहता येते आणि मग लॅपटॉप बाहेर काढण्याची गरज राहत नाही. भारतातील मोठ्या विमानतळांवर ती हळूहळू येत आहेत. अशा यंत्रांतून कॅमेऱ्याची न धुतलेली फिल्म मात्र जाऊ देऊ नये, ती धुरकट होते. ती वेगळी काढून हाताने तपासण्याची विनंती करावी.

बॅटरीचा नियम नेमका उलट दिशेने चालतो. लिथियम-आयन बॅटरीत आतल्या आत शॉर्ट सर्किट झाले की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते. सामानकक्षातील अग्निशामक वायू ज्वाळा दाबतो, पण ही साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो आणि विमान कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातसामानात. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ कोसळलेल्या, यूपीएस या अमेरिकी मालवाहतूक कंपनीच्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आग आटोक्यात आली नाही आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून अशा सुट्या बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

मर्यादा वॅट-तासांत, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या मापात, मोजली जाते आणि गोंधळ इथेच होतो, कारण पॉवर बँकेवर ठळक आकडा मिलिअँपिअर-तासांचा असतो. त्याला ३.७ व्होल्टने गुणून १,००० ने भागले की वॅट-तास मिळतात. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणजे १०० च्या आत आणि सहसा चालणारी. ३०,००० ची १११ वॅट-तासांची. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. १६० च्या वर बंदी. आकडा पुसला गेला असेल तर पॉवर बँक जप्त होऊ शकते. केबिनमध्ये जागा नाही म्हणून विमानाच्या दारात हातबॅग घेऊन ती सामानकक्षात पाठवली जाते, तेव्हा तिच्यातली पॉवर बँक काढून घेणे प्रवाशाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक उद्घोषणेत सांगावी इतकी ही गोष्ट महत्त्वाची आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने उड्डाणात पॉवर बँक वापरण्यासही मनाई केली. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दोन्ही भीती समोरासमोर आल्या त्या २०१७ मध्ये. आदल्या वर्षी, २ फेब्रुवारी २०१६ रोजी, मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये दडवलेला असावा असा बॉम्ब फुटला. विमान फार उंचीवर गेले नव्हते म्हणून परत उतरू शकले. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूलसह १० विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांच्या केबिनमध्ये मोबाइलपेक्षा मोठी उपकरणे नेण्यास बंदी घातली. मुंबईहून आखातमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांना लॅपटॉप सामानात टाकावे लागले. डझनावारी लिथियम बॅटऱ्या अशा कक्षात गेल्या, जिथे आग लागली तर कोणी पोहोचू शकत नाही. विमानतळांनी तपासणी कडक केल्यावर जुलैपर्यंत ही बंदी उठली. एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका वाढवतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण विमान सुरक्षेत क्वचितच सापडेल.

द्रवपदार्थांचा नियम १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये उघड झालेल्या कटातून आला. शीतपेयांच्या बाटल्यांत द्रव स्फोटके भरून अटलांटिकवर अनेक विमाने उडवण्याचा तो बेत होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक डबी जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची आणि साऱ्या डब्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, अशी पद्धत रूढ झाली. मराठी घरातून निघणाऱ्या बॅगेला हा नियम सर्वांत जास्त नडतो, कारण श्रीखंड, आमरस, साजूक तूप, लोणचे हे सारे ‘द्रव किंवा लगदा’ या वर्गात मोडते. चकली, शंकरपाळी, चिवडा, पुरणपोळीला अडचण नाही. देशांतर्गत प्रवासात हा नियम एवढा काटेकोर नसतो, पाण्याची बाटली बहुधा जाऊ देतात. मिरचीचे लोणचे आणि तिखटाची पूड मात्र डोळ्यांत फेकता येते म्हणून हातसामानात चालत नाही. अमेरिकेला जाताना ३० जून २०१८ पासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पुडीची वेगळी तपासणी होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी चेक-इन बॅगेत ठेवणे बरे.

सुक्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातले तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापू शकते, म्हणून खोबरे हा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वयंज्वलनशील माल आहे आणि भारतीय विमान कंपन्या ते हातसामानात किंवा चेक-इन बॅगेतही घेत नाहीत. ओटीत मिळालेली खोबऱ्याची वाटी घेऊन निघालेल्या बाईला हे कारण कोणी समजावून सांगत नाही. ते सांगायला हवे. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना ऑक्टोबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळापुरती सूट दिली होती.

धारदार वस्तूंत सुरी, अडकित्ता येतात. त्या चेक-इन बॅगेत ठेवाव्यात. शीख प्रवाशांना देशांतर्गत उड्डाणात ६ इंचांपर्यंत पाते आणि एकूण ९ इंच लांबी असलेले कृपाण बाळगता येते. लायटर आणि काडेपेटी चालत नाही. उपग्रह फोन दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणेच गुन्हा आहे, आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी उपकरणेही त्यातच धरली जातात. परदेशातून सह्याद्रीत भटकायला येणाऱ्या नातेवाइकाला हे आधीच कळवावे.

भारतीय पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे धातुशोधक चौकटीतून गेल्यावरही प्रत्येकाची हातातल्या यंत्राने होणारी झडती. स्त्रियांची झडती पडद्याआड महिला जवान घेतात. हातबॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची जुनी चाल मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. पेसमेकर असलेल्यांनी चौकटीपाशी पोहोचण्याआधी तसे सांगून डॉक्टरांचे पत्र दाखवावे. औषधे, इन्सुलिन आणि तान्ह्या बाळाचे दूध १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून वगळले आहे, तरी औषधांची चिठ्ठी सोबत असावी.