अग्रबाहू : हाडे व अस्थिबंध

कोपर ते मनगट या भागाचा सांगाडा. त्यात दोन लांब हाडे असतात : तळहात पुढे धरला असता अंगठ्याकडे रेडियस, करंगळीकडे अल्ना. लॅटिनमध्ये रेडियस म्हणजे चाकाचा आरा, अल्ना म्हणजे कोपर. अल्ना वर जाड व खाली निमुळते, रेडियस याच्या उलट; त्यामुळे कोपराची मुख्य भिस्त अल्नावर, मनगटाची रेडियसवर. कोपराच्या टोकापासून मागच्या बाजूने बोट फिरवत नेले, तर अल्नाची कड कातडीखाली मनगटापर्यंत हाताला लागते.

हात उपडा करताना रेडियस अल्नाला तिरपे ओलांडते. त्या वेळी त्याचे वरचे शीर्ष (गोल टोक) वलयाकार अस्थिबंधात (हाडे एकमेकांना बांधणाऱ्या चिवट पट्ट्यात) फिरते. अल्नाला दोन्ही टोकांनी चिकटलेला हा बंध शीर्षाचा सुमारे चार-पंचमांश घेर व्यापतो. लहान मुलाला हाताला धरून हिसका दिल्यास हा बंध शीर्षावरून सरकून सांध्यात अडकतो आणि मूल हात हलवेनासे होते.

दोन्ही हाडांमधील आंतरास्थी पटलाचे (तंतुमय पडद्याचे) बहुतेक तंतू रेडियसकडून खाली अल्नाकडे उतरतात. तळहातावर पडल्यावर रेडियस वर रेटले गेले की ते ताणले जातात व भार अल्नाकडे वळतो, अशी जुनी उपपत्ती आहे. तिच्यावरील आक्षेप असा की, पटलाचा ताण हात किती फिरलेला आहे यावर बदलतो आणि शीर्ष शाबूत असेल तर बराच भार थेट दंडाच्या हाडावर जातो. पटल हे मुख्यतः रेडियसला वर सरकू न देणारे बंधन मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शीर्षाचा अस्थिभंग व मनगटाजवळच्या, या दोन हाडांमधील सांध्याचे विस्थापन एकत्र होते, या शल्यचिकित्सक एसेक्स-लोप्रेस्टी यांच्या 1951 मधील वर्णनाशी ते जुळते. अशा दुखापतीत पटलही फाटलेले असते. अशा वेळी केवळ शीर्ष काढून टाकल्यास रेडियस वर सरकत राहते.

पटलाच्या वर असलेल्या तिरप्या दोरीवजा बंधाचे तंतू उलट दिशेने, अल्नाकडून खाली रेडियसकडे जातात. अस्थिबंधांवरील ग्रंथ 1742 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या शरीररचनाशास्त्रज्ञ वाइटब्रेख्ट यांचे नाव त्याला दिले जाते. काहींच्या मते तो एखाद्या स्नायूचा अवशेष, तर काहींच्या मते स्नायूवरील आवरणाचा जाड झालेला भाग असावा. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. काही व्यक्तींत तो नसतोच.

मनगटाजवळ दोन्ही हाडांना त्रिकोणी तंतुमय कूर्चा बांधून ठेवते. अल्नाच्या मोडीसोबत रेडियसचे शीर्ष निखळणे (वर्णन : मोंतेज्जा, 1814) किंवा रेडियसच्या मोडीसोबत मनगटाजवळचा हा सांधा निखळणे (वर्णन : गालेआत्सी, 1934) संभवते. म्हणून एकच हाड मोडलेले दिसले, तरी क्ष-किरण चित्रात कोपर व मनगट दोन्ही घ्यावे लागतात.