मधुमेह, दाह आणि रक्तवाहिन्या : न घातलेल्या एका अटीची पार्श्वभूमी

हृदयविकारावरच्या एका मोठ्या औषधचाचणीत मधुमेहींना प्रवेश देताना शरीरात दाह, म्हणजे संरक्षक पेशी चेतवल्याने होणारी सूज-जळजळ, आहे का हे रक्त तपासून पाहण्याची अट घातली गेली नाही. त्यामागची ही पार्श्वभूमी. साखर आटोक्यात आली की टाइप टू मधुमेहींचे डोळे आणि मूत्रपिंडे बऱ्याच अंशी वाचतात, हृदयाचे मात्र तसे होत नाही. हे मोठ्या आकड्यांनिशी दिसले ते १९९८ साली. ब्रिटनमधल्या एका दीर्घ चाचणीत काटेकोर उपचारांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हार्ट अटॅकमधली घट १६ टक्के होती आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीत थोडक्यात अडली. त्याच वर्षी फिनलंडमधून आलेली माहिती जास्त अस्वस्थ करणारी होती. आधी कधीच अटॅक न आलेल्या मधुमेहींपैकी सुमारे २० टक्क्यांना सात वर्षांत अटॅक आला. मधुमेह नसलेल्या, पण एक अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ १९ टक्के होते.

मग साखर आणखी खाली आणून पाहिली गेली. अमेरिका आणि कॅनडातल्या १०,२५१ रुग्णांच्या चाचणीत एका गटाचे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचे उद्दिष्ट होते. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. ब्रिटनमधल्या रुग्णांचा पुढे दहा वर्षे मागोवा घेतल्यावर अटॅक १५ टक्क्यांनी कमी भरले, म्हणजे साखरेवरच्या नियंत्रणाचा लाभ उशिरा का होईना मिळतो. तरीही मोठ्या धमन्यांचा आजार साखरेच्या आकड्यात पुरता मावत नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते.

दाहाचा धागा खरे तर जुना आहे. धमनीच्या भिंतीतला बिघाड हा दाहच आहे, असे जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले गेले होते. १८७६ मध्ये ॲस्पिरिनच्या कुळातल्या, दाह कमी करणाऱ्या सॅलिसिलेटच्या मोठ्या मात्रेने मधुमेहींच्या लघवीतली साखर कमी झाल्याची नोंद झाली. ते औषध पेशीतल्या दाहाच्या कोणत्या कळीवर काम करते, हे समजायला २००१ साल उजाडले. मधल्या काळात १९१३ च्या सशांवरच्या प्रयोगांपासून कोलेस्टेरॉलने सारे लक्ष वेधून घेतले.

दाह परत चर्चेत आला तो चरबीच्या वाटेने. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हा दाहकारक रेणू तयार होतो आणि तो इन्सुलिनचे काम अडवतो, हे १९९३ मध्ये दिसले. लठ्ठपणात याच चरबीत मॅक्रोफेज या संरक्षक पेशी ठाण मांडतात, हे २००३ मध्ये. धमनीच्या अस्तरावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिकटवणारे रेणू वाढवण्याचे काम टीएनएफसारखे दाहाचे संदेशवाहक रेणूच करतात. २००७ मध्ये आयएल-१ हा असाच आणखी एक संदेशवाहक रेणू रोखणारे औषध तेरा आठवडे दिल्यावर टाइप टू मधुमेहींची साखरही थोडी उतरली.

दाह मोजायचा कसा, याचे उत्तर रक्तात मोजता येणाऱ्या सीआरपी या प्रथिनाने दिले. यकृत हे प्रथिन मुख्यतः आयएल-६ या दाहाच्या संदेशवाहक रेणूच्या हुकुमावरून तयार करते. जन्मतःच सीआरपी थोडे जास्त असणाऱ्यांना त्यामुळे हृदयविकार अधिक होत नाही. उलट आयएल-६ चा संदेश जन्मतःच मंद असणाऱ्यांना तो कमी होतो. म्हणजे सीआरपी ही खूण आहे, कारण नव्हे. पण खूण म्हणून ती मोलाची आहे, आणि पुढचा सगळा वाद या खुणेला किती मान द्यायचा यावरूनच झाला.

दाह दाबण्याच्या दोन मोठ्या चाचण्या जवळपास एकाच वेळी चालल्या. पहिलीत अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते आणि सीआरपी लिटरला २ मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तरच प्रवेश होता. सुमारे ४० टक्के रुग्ण मधुमेही होते. आयएल-१ बीटा (आयएल-१ चाच एक प्रकार) रोखणाऱ्या इंजेक्शनच्या मधल्या मात्रेने अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलला धक्का न लावता, फक्त दाह दाबून हृदयविकार घटतो याचा हा पहिला ठोस पुरावा होता, २०१७ चा. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, एकूण मृत्युदर बदलला नाही, आणि नव्याने मधुमेह होणेही थांबले नाही. अमेरिकेत हृदयविकारासाठी त्या औषधाला मंजुरी मिळाली नाही.

दुसरी चाचणी संधिवातावरच्या स्वस्त मेथोट्रेक्सेटची, ४,७८६ जणांची. यात सीआरपीची अटच ठेवली नाही. हृदयविकाराबरोबर टाइप टू मधुमेह किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर अशा बिघाडांचा एकत्र संच) असला की प्रवेश. अशा माणसांत दाह असणारच, हे त्यामागचे गृहीतक. प्रत्यक्षात या रुग्णांचे मध्यक सीआरपी १.६ निघाले, पहिल्या चाचणीत ते ४.२ होते. औषधाने ना आयएल-१ बीटा उतरले, ना आयएल-६, ना सीआरपी. हृदयविकाराच्या घटनाही कमी झाल्या नाहीत.

औषधच चुकीचे निवडले गेले, असे अनेकांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे: रुग्णांचे सीआरपी जास्त असते तरी मेथोट्रेक्सेटने ते उतरवलेच असते, असे मानायला आधार नाही. पण निवडीचा दोष त्याने पुसला जात नाही. मधुमेहाचे निदान म्हणजे दाहाची पावती, असे धरून चालण्याने हजारो रुग्णांची वर्षे खर्ची पडली. मधुमेहींमध्ये सीआरपी सरासरीने जास्त असते, हे खरे. ती सरासरी समोरच्या एका रुग्णाला लागू करणे वैद्यकाला परवडत नाही. एका साध्या रक्ततपासणीने हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच सुटला असता.

त्यानंतर गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावरचे जुने औषध कोल्चिसिन पुढे आले. २०१९ मध्ये, नुकताच अटॅक आलेल्या ४,७४५ जणांत त्याने घटना २३ टक्क्यांनी कमी केल्या. त्यांतल्या मधुमेहींना झालेला लाभ निदान तितकाच होता. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला हृदयविकारासाठी मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये सुमारे सात हजार रुग्णांच्या चाचणीत लाभ दिसलाच नाही. या दोन्ही चाचण्यांत सीआरपीची अट नव्हती. आयएल-६ रोखणाऱ्या नव्या औषधाची २०२१ मध्ये सुरू झालेली चाचणी मूत्रपिंडाचा जुना आजार आणि धमनीविकार अशी दोन्ही दुखणी असलेल्यांवर आहे, आणि तिच्यात सीआरपी २ किंवा अधिक ही अट पुन्हा घातली आहे.