पार्श्वभूमी : नकोसे कॉल अडवण्याचा भार कोणावर?

बँकेचा कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावा, जाहिरातीचा १४० वरून यावा आणि फोन वाजतानाच समोरच्याचे नाव पडद्यावर दिसावे, अशी व्यवस्था आता देशात उभी राहते आहे. ती यायला इतकी वर्षे का लागली आणि ती येत असतानाही ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’ हे का थांबत नाही, याचे उत्तर निव्वळ अलीकडच्या सायबर गुन्ह्यांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी २००७ ते २०११ या वर्षांकडे जावे लागते. त्या काळात एकच प्रश्न दोनदा पुढे आला आणि दोन्ही वेळा निकाल एकाच बाजूने लागला. प्रश्न असा होता : कॉल नको असेल, तर तसे कोणी सांगायचे?

त्याआधीचे थोडक्यात. लँडलाइनवर ब्लँक कॉल यायचे, पण ते करणारा बहुधा एकटादुकटा असे. त्यामागे धंदा नव्हता. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा आलेला कॉल घेण्याचेही पैसे पडत. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले, कॉलचे दरही झपाट्याने उतरले आणि नेमक्या त्याच सुमारास क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जाची बाजारपेठ फुगली. बँका स्वतः फोन करत नसत. कमिशनवर काम करणारे एजंट करत, आणि त्यांच्या हातात कुठून तरी विकत घेतलेल्या क्रमांकांच्या याद्या असत. रोमिंगवर असताना असा कॉल उचलला तर त्याचे पैसे अजूनही उचलणाऱ्याच्याच बिलात लागत. २००५ मध्ये हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मग सरकार, मध्यवर्ती बँक आणि दूरसंचार नियामक असे सगळेच हलले.

जून २००७ मध्ये पहिले नियम आले. नको असलेल्यांनी आपला क्रमांक राष्ट्रीय यादीत नोंदवायचा, टेलिमार्केटरने आपली यादी तिच्याशी ताडून पाहायची आणि जुळणारे क्रमांक गाळायचे, अशी पद्धत ठरली. नोंदणी लागू व्हायला ४५ दिवस. तरीही कॉल आलाच, तर टेलिमार्केटरला पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर प्रत्येक वेळी १,००० रुपये आणि शेवटी कनेक्शन तोडणे. अमेरिकेत २००३ पासून अशीच यादी होती, त्यामुळे हा मार्ग रुळलेला वाटला असावा. पण दुसरा मार्गही जगात होता. जर्मनीत ग्राहकाची आधी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय त्याला विक्रीसाठी फोन करता येत नाही.

हा दुसरा मार्ग आपल्याकडे चर्चेत आला तो २०१० मध्ये. तीन वर्षांत पहिल्या यादीची लक्तरे झाली होती. नोंदणी केलेल्यांनाही कॉल येत होते, ५०० रुपयांचा दंड धंद्याचा किरकोळ खर्च म्हणून खपून जात होता आणि ज्यांनी नावच नोंदवले नव्हते असे टेलिमार्केटर कोणाच्याही हिशेबात नव्हते. नियामकाने सूचना मागवल्या तेव्हा यादीच उलटी करण्याचा पर्याय समोर ठेवला गेला : ज्यांना कॉल हवेत त्यांचीच नोंदणी करा, बाकी सगळे क्रमांक आपोआप बंद. ग्राहक संघटनांचा कल अर्थातच इकडे होता. धंद्याच्या बाजूने सांगितले गेले की अशी नोंदणी कोणीही करणार नाही, कॉल सेंटरमधल्या नोकऱ्या जातील आणि नव्या, छोट्या व्यावसायिकाला ग्राहकापर्यंत पोहोचायचा स्वस्त रस्ताच उरणार नाही.

यातला नोकऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण पहिला मुद्दा नीट पाहिला तर त्यात कबुलीच आहे. कोणीही आपणहून नोंदणी करणार नाही याचा अर्थ हे कॉल कोणालाही नको आहेत, आणि ते चालतात ते केवळ लोक ‘नको’ म्हणायचे कष्ट घेत नाहीत म्हणून. माझ्या मते त्या वादाचा निकाल या एका वाक्यावर लागायला हवा होता. तसा तो लागला नाही.

डिसेंबर २०१० च्या नियमांनी मधला रस्ता काढला. गप्प बसलेल्या ग्राहकाला कॉल करायला मोकळीक कायम राहिली. नोंदणी करणाऱ्याला मात्र निवड मिळाली. सगळेच बंद, किंवा सात वर्गांपैकी हवे तेवढे सुरू : बँकिंग-विमा-वित्त, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, दळणवळण-मनोरंजन-आयटी आणि पर्यटन. दंड २५,००० रुपयांपासून सुरू होऊन सहाव्या चुकीला अडीच लाखांवर गेला आणि त्यानंतर दोन वर्षे काळ्या यादीत. कागदावर हे कडक होते. प्रत्यक्षात नियम पूर्णपणे लागू व्हायला २७ सप्टेंबर २०११ उजाडला, कारण टेलिमार्केटरांना कोणती क्रमांक-मालिका द्यायची हेच बराच काळ ठरत नव्हते. अखेर १४० ठरली.

या पद्धतीत ग्राहकाला काय करावे लागे, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. १९०९ वर ‘स्टार्ट’ आणि त्यापुढे शून्य असा संदेश पाठवला की सगळे बंद. इथपर्यंत सोपे. पण त्यानंतरही कॉल आला तर तीन दिवसांच्या आत तक्रार करायची, तीही ठरलेल्या साच्यात : आधी ठरलेला शब्द, मग कॉल करणाऱ्याचा पूर्ण क्रमांक, मग अर्धविराम, मग तारीख, मग वेळ. साचा चुकला की तक्रार बाद. चौथ्या दिवशी आठवण झाली तरी बाद. स्वतःची नोंदणी नसेल तर दारही उघडे नाही. कंपनीच्या पगारी माणसाने केलेल्या मिनिटभराच्या कॉलसाठी घेणाऱ्याने तारीख-वेळ टिपून ठेवायची, कारकुनी करायची आणि उत्तराची वाट पाहायची. बहुतेकांनी त्याऐवजी फोन कट करणे पत्करले, आणि तक्रारी कमी म्हणजे त्रास कमी असा अर्थ काढायला कागदोपत्री जागा मिळाली.

१४० मालिकेचेही असेच झाले. आकडा ओळखीचा होताच लोकांनी तो उचलणे सोडले. त्याबरोबर एजंट साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकांवर आले. दुकानातून घेतलेले सिम, महिनाभर कॉल, ते बंद पडले की दुसरे. नियम पाळणाऱ्याचा फोन कोणी उचलेना आणि न पाळणाऱ्याचा मात्र डिलिव्हरीवाला असेल, शाळेतून असेल म्हणून उचलला जाई. २०११ मध्येच संदेशांना वेसण घालण्यासाठी एका सिमवरून दिवसाला आधी १०० आणि मग २०० एसएमएसची मर्यादा आली. तिचा चटका साध्या माणसांनाही बसला, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी संदेशांवरची ती मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवली.

इथे फसवणुकीचा धागा येऊन मिळतो. २००९ पासून मध्यवर्ती बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे नुसता कार्ड क्रमांक चोरून भागेना; मालकाच्या तोंडून ओटीपी वदवून घेणे भाग पडले, आणि त्यासाठी फोन करणे आले. झारखंडमधल्या जामताऱ्याचे नाव पुढच्या काही वर्षांत देशभर झाले ते याच धंद्यामुळे. ‘मी बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड ब्लॉक झालंय’ ही थाप पचायची, कारण बँकेचा खरा एजंटही अशाच अनोळखी दहा आकडी क्रमांकावरून, अशाच घाईत, अशाच शब्दांत बोलत असे. खऱ्या विक्रेत्याला वेगळा, ओळखू येणारा क्रमांक वापरणे भाग पडले असते, तर भामट्याला लपायला गर्दी मिळाली नसती. उपद्रवी कॉल आणि फसवे कॉल हे दोन वेगळे विषय म्हणून हाताळले गेले. पण पहिल्याकडे काणाडोळा केल्यामुळेच दुसऱ्याची वाट सोपी झाली.

जुलै २०१८ च्या नियमांनी पुन्हा नवी मांडणी केली. संदेश पाठवणारी प्रत्येक संस्था, तिचे प्रेषक-नाव, मजकुराचा साचा आणि ग्राहकाची संमती हे सगळे ब्लॉकचेनवर, म्हणजे परस्पर बदलता न येणाऱ्या सामायिक डिजिटल नोंदवहीत, नोंदवायचे ठरले. त्याच नियमांत नियामकाच्या तक्रारीच्या ॲपला फोनमध्ये जागा न देणाऱ्या हँडसेटची नेटवर्कवरची मान्यता काढण्याची तरतूदही होती. कॉल आणि संदेशांची माहिती ॲपला द्यायला नकार देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीशी तेव्हा उघड वाद चालू होता. कंपनीने त्याच वर्षी आपल्या प्रणालीत तक्रारीची मर्यादित सोय दिली आणि वाद मिटला. संदेशांचे साचे ताडून पाहणे ८ मार्च २०२१ रोजी प्रत्यक्ष सुरू झाले, तेव्हा देशभर ओटीपी अडकले. कित्येक संस्थांनी साचे नोंदवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती छाननी आठवडाभरासाठी थांबवावी लागली. पुढे साचे बसले आणि एसएमएसचा पसारा बराच ताब्यात आला, हे मान्य करायला हवे.

कॉलचे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण संमतीच्या घोळात आहे. नियमांत जाहिरात वेगळी आणि ‘सेवा’ वेगळी. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली असेल तर त्याच्या डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे कॉल नकोत अशा) नोंदणीपेक्षा ती संमती वरचढ. तत्त्वतः यात गैर काही नाही. ज्याने स्वतः विचारणा केली त्याला उत्तर द्यायलाच हवे. पण संमती घेतली कशी जाते? घर, विमा किंवा कर्जाच्या एखाद्या संकेतस्थळावर नुसते दर पाहायला गेले तरी क्रमांक मागतात, आणि खाली बारीक अक्षरांत, चौकटीत आधीच खूण करून, लिहिलेले असते की डीएनडी नोंदणी असली तरी आम्ही आणि आमचे भागीदार आपल्याशी संपर्क साधू. हे ‘भागीदार’ किती आणि कोण, ते कुठेच नसते. एका खुणेने वर्षानुवर्षांची नोंदणी निकामी. जून २०२३ मध्ये संमती डिजिटल पद्धतीने, १२७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून, ग्राहकाला विचारूनच घ्यावी आणि आधी इतर मार्गांनी घेतलेल्या संमती रद्द समजाव्यात असा आदेश निघाला. त्याची काही बँकांबरोबर चाचणी सुरू व्हायला २०२५ चा जून लागला.

दरम्यान फसवणुकीने मोठी उडी घेतली. ‘डिजिटल अटक’ या प्रकारात, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून, अटकेची भीती घालून फोनवरून पैसे उकळण्यात, जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत १२० कोटी रुपयांहून अधिक गेल्याचे सरकारी यंत्रणेनेच सांगितले. पंतप्रधानांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडिओवरून सावध केले, आणि २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत या प्रकरणांचा तपास केंद्रीय यंत्रणेकडे दिला. संशयित कॉल कळवण्यासाठी मार्च २०२४ पासून सरकारी पोर्टलवर सोय झाली. पैसे गेलेच तर कळवायला १९३० हा क्रमांक त्याआधीपासून आहे. परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १.३५ कोटी कॉल रोखले. ग्राहकाने काहीही न करता, कुठेही नोंदणी न करता हे कॉल थांबले. भार नेटवर्कवर टाकला की काय होऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

कॉलरचे नाव दाखवण्याची शिफारस फेब्रुवारी २०२४ ची. तोवर ही गरज खासगी ॲप भागवत होती, ती लोकांच्या संपर्क-याद्या गोळा करून. नव्या व्यवस्थेत सिम घेताना दिलेले नाव दिसेल. भाड्याने किंवा दुसऱ्याच्या कागदांवर घेतलेल्या सिमपुढे मात्र तीही लंगडी आहे, कारण नाव खरे असेल पण बोलणारा वेगळाच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून सिम मिळवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे तो यासाठीच.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने जुन्या निर्णयाला पहिला खरा तडा दिला. नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध तक्रार करायला आता ग्राहकाची स्वतःची नोंदणी लागत नाही. मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाईचा विचार होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. एखाद्या व्यवहारापुरती दिलेली संमती सात दिवसांनी संपते. नकोशा कॉलचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या मोबाइल कंपन्यांना दोन, पाच आणि दहा लाखांचे चढते दंड आहेत. नोंदणीकृत टेलिमार्केटरच्या बाबतीत मात्र २००७ ची रीत तशीच आहे : ज्याने कधी १९०९ वर संदेश पाठवला नाही, त्याला १४० वरून जाहिरातीचा कॉल करणे आजही नियमात बसते.